ड्राइव्हवेवरचं बिऱ्हाड

अमेरिका हा स्वातंत्र्याचा देश आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. ते स्वातंत्र्य घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे आणून ठेवायचं नाही, एवढीच काय ती अट. आमच्या उपनगरात गवत किती वाढू द्यायचं याचा नियम आहे. कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसता कामा नयेत, असा नियम आहे. कपडे बाहेर दोरीवर वाळत घालण्याबद्दल नियम नाही, पण त्याची भरपाई शेजाऱ्यांच्या नजरा करतात. उपनगराचं नाव सांगत नाही. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या पुढे दोन सिग्नल गेलात की लागतं, आणि आणखी दोन सिग्नल गेलात की संपतं. १९८६च्या उन्हाळ्यात तिथल्या सिटीवाल्यांना, म्हणजे नगरपालिकेला, आमच्यामुळे चांगलं काम मिळालं.

त्यांच्या कायद्याशी माझं भांडण नव्हतं. भांडण होतं ते माझ्या वडिलांच्या कायद्याशी, आणि तो पुष्कळ जुना होता.

माझे वडील, अण्णा, कराडच्या नगरपालिकेत अतिक्रमण खात्यात होते. कुणाचा ओटा रस्त्यावर आला, कुणाचं छप्पर गटारावर गेलं, कुणाचे भाजीचे हारे पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर सरकले, हे पाहत त्यांची सगळी नोकरी गेली. हातात मोजपट्टी, मागे दोन शिपाई, आणि तोंडाने एकच घोष, "आत घ्या! आत घ्या!" तो आवाज बाजाराच्या तोंडाशी ऐकू आला की शेवटच्या दुकानापर्यंत सामान आत जायचं. घरी आल्यावरही तेच. चपला आत घ्या, पाट आत घ्या, अंगणातली पोरं आत घ्या. लहानपणी मला वाटायचं, नमस्कारासारखंच ते काहीतरी आहे, घरात शिरताना म्हणायचं.

अशा माणसाचा घरगुती कायदाही तितकाच कडक असणार. लेक सासरी गेली की तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही. पुष्कळ घरांत हा नियम होता आणि कुणाला त्याचा त्रास नव्हता, कारण वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलायचा, आजोबा पेढ्याचा पुडा घेऊन यायचे आणि जावयाकडे पोटभर जेवून जायचे. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूल झालं नाही. तपासण्या झाल्या, औषधं झाली, दोन्हीकडच्या थोरल्यांचे नवस झाले. म्हणजे माझ्यापुरता हा नियम कायमचा झाला होता. मूल नसलेल्या बाईला लोक टोमणे मारतात, ते मी परतवून लावू शकते, माझी जीभ त्यासाठीच आहे. पण बाप समोर बसून पाण्याचा पेला बाजूला सारतो तेव्हा काय परतवायचं?

अमेरिकेत येण्याआधी वर्षभर आम्ही दादरला राहत होतो. तिथे आई आणि अण्णा एकदा दिवसभरासाठी आले होते. आईने दशम्या बांधून आणल्या होत्या आणि पाणी फिरकीच्या तांब्यात. माझ्याच खाटेवर बसून दोघांनी स्वतःचं खाल्लं, स्वतःचं प्यायले आणि माझा संसार किती छान लागलाय याची तारीफ करून परत गेले. मी पहाटे उठून गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. त्या शेजाऱ्यांना गेल्या. त्यांना फार आवडल्या.

आई त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी गेली. त्यानंतर मी अण्णांच्या मागे लागले, की उन्हाळाभर इकडे या. ते हो-नाही करत शेवटी कबूल झाले, पण फोनवर म्हणाले, "येतो. माझी सोय तेवढी बाहेर कर."

"बाहेर म्हणजे कुठे? अंगणात तंबू ठोकू?" मी विचारलं.

"बघ काय जमतं ते," असं म्हणून त्यांनी ट्रंक कॉल वाचवला.

माझा नवरा हेमचंद्र कंप्युटरवाला. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या फटी शोधण्याचा त्याला पगार मिळतो आणि ती सवय तो घरीही घेऊन येतो. तो म्हणाला, "त्यांना घरात राहायचं नाही ना? सिंपल आहे यार. उल्हासची मोटारहोम आणून ड्राइव्हवेवर लावू. लेकीचं घर नाही, जावयाचं घर नाही. उल्हासची गाडी, गव्हर्नमेंटची नंबर प्लेट."

उल्हास नागपूरचा, हेमचंद्रच्याच ऑफिसात. त्याने अख्खी अमेरिका बघायची म्हणून ही मोटारहोम घेतली होती. आत पलंग, शेगडी, सिंक, फ्रीज, कपाटाएवढा संडास, सगळं काही. पहिल्याच कॅम्पग्राउंडवर त्याच्या बायकोला, दीपाला, डास चावले आणि त्यांची अमेरिका बघून झाली. तेव्हापासून ती गाडी त्याच्या घरामागे उभी होती. त्याने ती आनंदाने आणून दिली, आणि जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. क्रीम रंगाची, बाजूला चॉकलेटी आणि नारिंगी पट्टे. गॅरेजपुढच्या त्या वाटेवर ती लावल्यावर आमचं घर तिच्या मागे उभं आहे असं दिसायला लागलं.

अण्णा आले, त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि पंचनामा सुरू केला.

"ही मालकी कुणाची?"

"उल्हासची, अण्णा. आमचा मित्र," हेमचंद्र म्हणाला.

"खालची जागा?"

"ड्राइव्हवे. म्हणजे रस्त्याचाच फाटा म्हणा ना."

"हूं. वीज?"

"वीज कंपनीची."

"आणि पाणी?"

"सिटीचं पाणी आहे, अण्णा. हा बाहेरचा नळ, त्याला होज पाइप लावलाय."

अण्णांनी नळाकडे पाहिलं, मग जावयाकडे. "मीटरच्या अलीकडचं की पलीकडचं?"

हा प्रश्न नगरपालिकेत जन्म काढलेल्या माणसालाच सुचू शकतो. पाणी मीटरच्या अलीकडे असेल तर नगरपालिकेचं, मीटरमधून गेलं की घरमालकाचं. म्हणजे माझं. हेमचंद्रने एक क्षण विचार केला आणि सासऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "अलीकडचं. बाहेरचे नळ इथे मीटरच्या अलीकडेच असतात." मी पेटुनियाच्या कुंडीतली वाळलेली फुलं खुडायला लागले.

असं ते बिऱ्हाड लागलं. अण्णांनी येताना आंबेमोहोर, तुरीची डाळ, भाजणी, मेतकूट, असं सगळं बांधून आणलं होतं. कस्टम्सवाल्याने मेतकुटाची पुडी उघडून हुंगली आणि लगेच बंद करून दिली, याचा त्यांना अभिमान होता. सकाळी गाडीतून स्टोव्हवरच्या फोडणीचा वास यायचा. अण्णा पायरीवर बसून रस्त्यावर नजर ठेवायचे. कुणाची गाडी फूटपाथवर जरा आलेली दिसली की त्यांचा हात आपोआप खिशातल्या मोजपट्टीकडे जायचा.

आणि गंमत बघा. बापाने लेकीकडे जेवायचं नाही, पण लेकीने बापाकडे जेवायला काहीच हरकत नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून दमून आले की ड्राइव्हवेवरच अण्णा हाक मारायचे, "वसू, पिठलं केलंय, ये." मग मी माझ्याच दारात माहेरपणाला जायचे. गाडीतल्या त्या चिमुकल्या टेबलाशी बसून ते मला वाढायचे, पोटाकडे बघून "वाळलीस" म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? जेवण झालं की चार पावलं चालून मी सासरी परत. तिथे माझ्या स्वयंपाकघरात, चार बेडरूमच्या घरात, मी केलेली भाजी पातेल्यात तशीच. आग्रह करून करून मी थकले. "एक घोट चहा, अण्णा." नाही. "नुसतं सरबत." नाही. "पाणी?" त्यावर ते हसायचे, जणू मी गंमत केली.

एवढं असतं तरी चाललं असतं. पण शेजारी मिसेस लिंडक्विस्ट राहायच्या. निवृत्त शिक्षिका, पांढऱ्या केसांच्या, गोड स्वभावाच्या. मिनेसोटात गोड स्वभाव हाही एक नियमच आहे. त्या रोज कुंपणाच्या झाडांपाशी येऊन अण्णांशी गप्पा मारायच्या. अण्णांचं इंग्रजी सरकारी, त्यांचं शाळेतलं, दोघांचं छान जमायचं. एक दिवस मी घरी आले तर अण्णा पायरीवर बसून मिसेस लिंडक्विस्टनी दिलेली लिंबाची वडी खात होते. पिवळीधमक, वर पिठीसाखर.

"अण्णा, त्यात अंडं असतं," मी म्हणाले.

"मी विचारलं. त्या म्हणाल्या, लेमन."

"लेमन आणि अंडं."

त्यांनी वडीकडे नीट पाहिलं आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला. "आता सुरू केलीय तर टाकायची कशाला," म्हणाले. परक्या बाईच्या हातचं अंडं चालत होतं, लेकीच्या हातचं पाणी चालत नव्हतं. त्या संध्याकाळी मी पिठलं खायला गेले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिटीचा माणूस आला. गॅरी त्याचं नाव. तरुण, गोरा, माफी मागत मागत बोलणारा. एक तक्रार आली आहे, म्हणाला. नियम असा, की मोटारहोम घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे उभी करायची नाही. पाहुण्याची असेल तर दोन आठवडे चालेल, पण उभ्या गाडीत कुणी राहायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही. सांगता सांगता त्याने मोजपट्टी काढली. अण्णांनीही आपली काढली. मग दोघांनी मिळून भिंतीपासून गाडीपर्यंत, गाडीपासून रस्त्यापर्यंत सगळं मोजलं. गॅरीचं फुटात, अण्णांचं मीटरमध्ये. कुठे एक टोक धर, कुठे दुसरं सोड, असं चाललं होतं. अण्णा त्याला शिकवत होते, की पट्टी जमिनीला टेकवून धर, लोक नंतर वाद घालतात. आपलंच घर पाडायला आलेल्या माणसाला चहा करून देणारे आम्हीच. म्हणजे, मीच करून दिला. गॅरी प्यायला.

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "मुलगा नियमाप्रमाणे वागतोय. केस त्याच्या बाजूची आहे."

"मग तुम्ही कुठे राहणार?" मी विचारलं.

"परत जाईन. तिकीट बदलता येतं ना, हेमचंद्रराव?"

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते उन्हाळाभर माझ्याकडे होते. घरात नाही, पण निदान दारात होते. ते आत्ता गेले तर या वयात पुन्हा येणार नव्हते, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

"डोन्ट वरी," हेमचंद्र म्हणाला. "सिटीकडे स्पेशल परमिशन मागता येते. हिअरिंग असतं. मी बोलतो."

तो आठवडाभर तयारी करत होता. ऑफिसच्या प्रोजेक्टरवर टाकायच्या ट्रान्स्परन्सीज त्याने रंगीत पेनांनी रंगवल्या. युक्ती अशी, की गाडी पाहुण्याची आहे, त्यात कुणीही राहत नाही, सासरे आमच्या घरात राहतात, आमच्याबरोबर जेवतात, दुपारी तेवढे गाडीत आडवे होतात. मला हसावं की रडावं कळेना. सिटीच्या कायद्यातून सुटायचं तर म्हणायचं, की अण्णा घरात राहतात. अण्णांच्या कायद्यातून सुटायचं तर म्हणायचं, की ते घरात राहत नाहीत. दोन्ही कायदे एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये.

"अण्णांसमोर हे बोलणार आहात?" मी विचारलं. अण्णा आल्यापासून मी त्याला अहो-जाहो करत होते, त्याचीही दमणूक वेगळीच.

"त्यांना एवढं फास्ट इंग्लिश कळत नाही," तो म्हणाला.

सरकारी माणसाला कोणत्याही भाषेतलं हिअरिंग कळतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

सिटी हॉलच्या खोलीत लांब टेबलामागे सात जण बसले होते. मधोमध अध्यक्ष, ते मूळचे दंतवैद्य. अण्णा कोट घालून, टोपी मांडीवर ठेवून माझ्या शेजारी ताठ बसले. आमच्या आधी एका माणसाचं प्रकरण होतं. त्याने मासेमारीची बोट अंगणात ठेवली होती आणि तिच्यात फुलझाडं लावली होती, म्हणजे ती बोट राहिली नाही, कुंडी झाली, असा त्याचा दावा. अण्णा कानाशी लागून म्हणाले, "आमच्याकडेही असेच यायचे."

मग हेमचंद्र उठला. पहिली ट्रान्स्परन्सी उलटी लागली. नंतर त्याने छान बोलून दाखवलं. सासरे घरात राहतात, आमच्याबरोबर जेवतात, वगैरे. अण्णांनी मांडीवरची टोपी एकदा फिरवून सरळ केली, एवढंच.

गॅरी उठला. माफी मागून त्याने सांगितलं, की गाडीला घराच्या गॅरेजमधून वीज आहे आणि घराच्या बाहेरच्या नळाचं पाणी आहे. दोन्ही घरमालकांच्या मीटरवर. आणि नियम सांगतो, की अशी जोडलेली गाडी ही मूळ घराचाच भाग धरली जाते.

अण्णांनी माझ्याकडे मान वळवली. "वसू, मीटर कुठे आहे?"

"तळघरात."

"आणि बाहेरचा नळ?"

"मीटरच्या पलीकडे," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?

त्यांनी जावयाकडे पाहिलं. हेमचंद्र ट्रान्स्परन्सीज आकाराप्रमाणे लावत होता.

अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का. आणि मिसेस लिंडक्विस्ट उठल्या. तक्रार त्यांनीच केली होती. त्या म्हणाल्या, मला गाडीच्या रंगाचं काही नाही. पण एवढ्या मोठ्या घराची माणसं आपल्या म्हाताऱ्या वडिलांना बाहेर ठेवतात, हे मला बघवत नाही. मी त्यांना स्वतः विचारलं, तुम्ही आत का नाही राहत? ते म्हणाले, नॉट अलाऊड. मी विचारलं, जेवायलाही नाही? ते म्हणाले, नथिंग, मॅडम, नॉट इव्हन वॉटर.

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे वळली. बोटीत फुलझाडं लावणारा माणूसही. अण्णांना म्हणायचं होतं, मला चालत नाही. त्याचं त्यांच्या इंग्रजीत झालं, नॉट अलाऊड. आणि ते महिनाभर कुंपणापाशी उभं राहून, लिंबाच्या वड्या खात, सगळ्या गल्लीला सांगत होते, की लेक मला पाणी देत नाही.

अध्यक्षांनी हळुवार आवाजात मला विचारलं, हे खरं आहे का, मॅडम? तुमच्या घरात जागा नाही का?

माझी जीभ इतकी वर्षं कुठेही अडखळली नव्हती. मी उठले. मी म्हणाले, जागा आहे. चार खोल्या आहेत. त्यातली एक आम्ही मुलासाठी पिवळी रंगवली होती आणि ती रिकामीच आहे. आमच्यात अशी रीत आहे, की लेकीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. मला मूल झालं नाही. होणारही नाही. म्हणून मी वडिलांना दारात गाडी लावून दिली. मी रोज त्यांना पाणी विचारते. रोज ते नाही म्हणतात. तुमच्या कोणत्या नियमात हे बसत असेल तर बघा, मी कुठलाही दंड भरायला तयार आहे.

एवढं बोलून मी बसले. मला खूप राग आला होता आणि मी रडत होते, दोन्ही एकदम. हेमचंद्रने माझा हात धरला. मिसेस लिंडक्विस्टनी तोंडावर हात ठेवला होता. मिनेसोटाच्या माणसांना कुणी मोठ्याने रडलं की कुठे बघावं कळत नाही, त्यामुळे सातही जण समोरचे कागद वाचू लागले.

अण्णा उठून उभे राहिले. टोपी डोक्यावर घातली, मग बोर्डापुढे बोलायचं म्हणून पुन्हा काढली. सावकाश, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाले, "सर, माय डॉटर इज नॉट ॲट फॉल्ट. एन्क्रोचमेंट इज माईन." आणि खाली बसले.

जोडलेली गाडी घराचाच भाग, हे गॅरीचं म्हणणं धरून बोर्डाने परवानगी नाकारली. शनिवारपर्यंत गाडी हलवायची. सातच्या सात मतं आमच्याविरुद्ध. अण्णा मान डोलावत होते. निर्णय बरोबर आहे, असं त्यांनी गॅरीशी हात मिळवून सांगितलं.

पुढचे दोन दिवस अण्णांनी पायरीवर बसून काढले. मला हाक मारली नाही, मीही गेले नाही. मिसेस लिंडक्विस्ट लिंबाच्या वड्यांचा मोठा ट्रे घेऊन माझ्या दाराशी आल्या आणि तीनदा सॉरी म्हणाल्या. मी ट्रे ठेवून घेतला. आता त्या बाईवर रागवून काय करणार? तिने निदान विचारलं तरी होतं. आमच्या नात्यात एवढ्या वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं, की ही रीत चालू आहे, तर वसूला कसं वाटतं?

शनिवारी सकाळी उल्हास गाडी न्यायला आला. तो नाराज दिसत होता, कारण ती आता पुन्हा त्याच्याकडे जाणार होती. दीपाने निरोप पाठवला होता, की अण्णांना तिकीट मिळेपर्यंत आमच्याकडे आणा. तेवढं ठरलेलंच होतं. हेमचंद्रने होज गुंडाळला. वायर काढली. अण्णांनी आपली बॅग, कढई, डब्यांची पिशवी आणि आईचा तो फिरकीचा तांब्या खाली उतरवून ड्राइव्हवेवर ठेवला. मी मुद्दाम बाहेर गेले नाही. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत राहिले. बापाला निरोप द्यायची माझी तयारी नव्हती आणि थांबा म्हणायची तर अजिबातच नव्हती. फार वेळा म्हणून झालं होतं.

मोटारहोम घुरघुरत गेल्याचा आवाज आला. आता हेमचंद्र त्यांना आपल्या गाडीत बसवील, दार आपटेल, म्हणून मी कान देऊन उभी होते. त्याऐवजी दुसराच आवाज आला. खणखणीत, कराडच्या बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"आत घ्या! आत घ्या!"

मी पिठाच्या हातांनी दार उघडलं. अण्णा दाराच्या पायरीवर उभे होते, सगळं सामान पायांशी. शेजारच्या लॉनवर मिसेस लिंडक्विस्ट हातात पाण्याची झारी घेऊन थबकल्या होत्या.

"काय आत घ्यायचंय?" मी विचारलं. माझा आवाज चांगला नव्हता.

"मला," अण्णा म्हणाले.

मी दारातून हलले नाही. "का? बोर्डाने ठराव केला म्हणून?"

"बोर्ड म्हणालं, मी पहिल्या दिवसापासून तुझ्याच घरात आहे. पाणीही तुझंच प्यायलोय." त्यांनी तांब्या पुढे केला. "रिकामा आहे. भर."

तेव्हा मी बाजूला झाले. चौदा वर्षं लेकीने विनवण्या केल्या, त्याने काही झालं नाही. अमेरिकेतल्या सात अनोळखी गोऱ्या माणसांनी हात वर केले, तेव्हा बाप उंबऱ्याच्या आत आला. माझ्या वडिलांना रीत मोडता येत नव्हती, पण नगरपालिकेचा निर्णय मोडणं त्यांना त्याहूनही जमत नव्हतं. मला ते नुसते माझ्यासाठी आत आलेले हवे होते. तसं सुख माझ्या वाट्याला आलं नाही. जे आलं ते मी सिंकच्या नळाखाली तांब्यात भरून त्यांच्या हातात दिलं.

ते उभ्याने प्यायले. मग टेबलाशी बसले. मी पान वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी. ते खाली मान घालून जेवत होते. भाजीत मीठ थोडं कमी आहे, असं त्यांनी सांगितलं. मी मीठ दिलं. हेमचंद्र समोर सासऱ्याच्या नजरेला नजर न देता बसला होता.

अर्धी पोळी झाल्यावर अण्णा थांबले.

"दादरला तू गुळाच्या पोळ्या केल्या होत्यास," म्हणाले.

"तुम्हाला आठवतंय?"

"तिने हात पुढे केला होता. तुझ्या आईने. तू पाठमोरी होतीस." त्यांनी पोळीचा तुकडा ताटातच ठेवला. "मी डोळे वटारले. तिने हात मागे घेतला. परतीच्या वाटेवर कराडपर्यंत बोलली नाही माझ्याशी."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की आईलाही ती रीत मान्यच होती. माझ्या खाटेवर बसून तिने हसत हसत दशमी खाल्ली म्हणून मी तिच्यावर मनातल्या मनात रागावले होते, आणि ती गेली तेव्हाही तो राग थोडासा होताच.

अण्णांचे डोळे भरले होते. ते उठायला लागले, म्हणाले, "बास झालं."

मी तव्यावरची पोळी काढली आणि त्यांच्या पानात वाढली. ते हात आडवा धरत होते, नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. पाहुणा नको म्हणाला तरी एक पोळी जास्त वाढायचीच, अशीही आमच्यात रीत आहे, आणि ती मी अगदी कडक पाळते.